आकडे तिकडे, नावं इकडे

१

शुक्रवारी सकाळी दहा वाजता केंद्रातलं लोखंडी कपाट उघडलं, तेव्हा वजनकाटा जागेवर होता, टाइपरायटर जागेवर होता, टिपकागदांचे गठ्ठेही होते. नाववही तेवढी नव्हती.

साल शहात्तर. जानेवारीची तेवीस तारीख. संक्रांतीच्या जत्रेतले, गड्ड्यावरचे पाळणे अजून उतरले नव्हते आणि आमचा शिपाई महिपती रोज सकाळी येताना खिशातून शेंगा आणून टेबलावर ओतायचा. त्या दिवशीही त्यानं ओतल्या. त्या तशाच पडून राहिल्या.

आमचं केंद्र म्हणजे बालवाढ पाहणी केंद्र. सोलापूरच्या रेल्वे लाइन्स भागातल्या एका घराच्या खालच्या तीन खोल्या. समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठाला विणकरवस्तीतल्या मुलांची वाढ कशी होते ते पाहायचं होतं, आणि आमचे पगार तिकडून येत. आमची दाक्षायणी नर्स दारोदार जाऊन मुलांची वजनं घ्यायची, टाचेला सुई टोचून रक्ताचा थेंब टिपकागदावर घ्यायची. फॉर्म आणि टिपकागद विमानानं तिकडे जात. तिथं मोठं संगणकयंत्र होतं. आमच्यापैकी कुणी ते पाहिलं नव्हतं. गोपाळ कारकून सांगायचा, एक अख्खी खोली भरून ते यंत्र आहे आणि त्या खोलीला माणसापेक्षा जास्त थंडी लागते.

फॉर्मवर नाव नसे. फक्त आकडा. कोणता आकडा कोणत्या आईचं मूल, हे एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं: लाल खारव्यात बांधलेल्या आमच्या नाववहीत. ती वही मी लिहायची. मी, गोदावरी, वय तेवीस, अक्षर बरं म्हणून नोकरीला लागलेली.

ही व्यवस्था आमच्या डॉक्टर यशोदाबाईंची. पहिल्या वर्षी बायका दारातसुद्धा उभं करीनात. आत कोण, किती पोरं, कशाला लिहिता? नाव लिहून घेणारा माणूस दिसला की दार लागावं असे ते दिवस होते. तेव्हा बाई एकेका उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "आकडा जाईल, नाव जाणार नाही. नाव सोलापूरच्या बाहेर गेलं तर माझ्या दारात येऊन मला विचारा." पहिल्या काही बोळांत मी त्यांच्यामागे दौत-टाक घेऊन उभी असायची; पुढं वहीचं काम वाढलं आणि मी केंद्रातच बसू लागले. त्या वचनावर साडेपाचशे दारं उघडली.

आणि आता वही नव्हती. कुलूप फोडलेलं नव्हतं.

आम्ही एकमेकांची तोंडं पाहत होतो, तोवर दारात सायकल वाजली. तारवाला होता.

२

बाईंनी तार वाचली, खुर्चीत बसल्या आणि मग मराठीत सांगितली. "चारशे सतरा नंबरचं मूल. रक्तात गळ्यातल्या ग्रंथीचा रस जवळजवळ नाही. गोळ्या लगेच सुरू करा. एक आठवडासुद्धा घालवू नका."

"नायतर काय हुईल?" महिपतीनं विचारलं.

"मूल जगेल," बाई म्हणाल्या. "पण डोकं वाढणार नाही. उशिरा बसेल, उशिरा चालेल, शाळेत जाणार नाही. गोळी वेळेवर मिळाली तर तुमच्याआमच्यासारखं होईल. साधी गोळी आहे, स्टेशनरोडवरच्या दुकानात मिळते."

"पण कोण हाय ते मूल?" महिपती म्हणाला.

"कोण आहे?" गोपाळ म्हणाला.

बाई रिकाम्या फळीकडे पाहत होत्या. "कोण आहे, देव जाणे."

"त्यांनाच तार करून विचारू या ना," गोपाळ म्हणाला.

"त्यांच्याकडे काय आहे? आकडा. नाव त्यांना आपणच कळू दिलं नाही."

नवं रक्त घेऊन पाठवावं, तर उत्तराला दीड महिना. वस्तीतली सगळी तान्ही मुलं तपासावीत, तर बाई म्हणाल्या, "दोन महिन्यांच्या मुलात हे दिसेलच असं नाही. उलट शहाणं वाटतं. रडत नाही, झोपून राहतं. आया कौतुक करतात. आठ महिन्यांनी कुणालाही दिसेल, पण तेव्हा दिसून उपयोग नाही."

बाईंनी आणखी एक कागद पुढे ओढला. तो आम्हा सगळ्यांना पाठ होता. आठ दिवसांपूर्वी आलेलं प्रोफेसरसाहेबांचं पत्र. ते मंगळवारी स्वतः येणार होते आणि नाववही घेऊन जाणार होते. तिकडे तळघर आहे, तिथं वाळवी नाही, आग नाही, पूर नाही. वही तिथं ठेवू. तुम्हाला कधी लागली तर लिहा, नक्कल पाठवू.

त्या पत्रावरून केंद्रात भांडण झालं होतं. गोपाळ म्हणाला होता, बरंच आहे, इथं उंदीर आहेत. त्याला तिकडे शिकायला जायचं होतं, हे उघड गुपित होतं. दाक्षायणी म्हणाली होती, "मग त्या उंबऱ्यांवर तुम्हीच जा बाई, मला तोंड नाही." मीही बोलले होते. बाई सगळ्यांचं ऐकून म्हणाल्या होत्या, "पगार कुठून येतो?" आणि भांडण संपलं होतं.

"पोलिसांत जायचं नाही," बाई आता म्हणाल्या. "ते पहिल्यांदा नावंच लिहून घेतील. महिपती, वर जा. वेणीकाकांना बोलाव."

३

वेणीमाधवराव आमचे घरमालक. माडीवर राहत. पोस्टात पस्तीस वर्षं, त्यातली शेवटची बारा बेवारस पत्रांच्या खात्यात. पत्ता अर्धा, नाव पुसलेलं, गाव चुकलेलं, अशी पत्रं त्यांच्या टेबलावर येत आणि ती कुणाची हे शोधायचं त्यांचं काम. 'मोडनिंबच्या पुढं, चिंचेखाली, आमच्या म्हातारीला' एवढ्यावर त्यांनी म्हातारी शोधली होती असं म्हणत.

ते करमाळ्याकडे नातीला पाहायला गेले होते. शनिवारी सकाळच्या गाडीनं आले आणि टोपीसुद्धा न काढता खाली बसले. एक दिवस गेला होता.

"किल्ली कुठं असते?"

"एक माझ्याकडे," बाई म्हणाल्या. "दुसरी त्या कॅलेंडरमागे खिळ्याला."

"कुणाकुणाला माहीत?"

"आम्हा पाचही जणांना."

काकांनी एकेकाला माडीवर बोलावलं. जिना लाकडी होता आणि वरचं बोलणं खाली ऐकू येई. ते त्यांना माहीत होतं.

पहिला महिपती गेला. "गुरुवारी तू रद्दी दिलीस."

"दिली की. सकाळच्या पारी. पर लाल वही न्हाय दिली, साहेब. लाल कापडात बांदल्यालं म्या पोथी समजून हात लावत न्हाय."

"गुरुवारी शेवटची वही कुणी पाहिली?"

"गोपाळरावांनी. चार वाजता. पार्सलाचा आकडा मिळवाय काडली हुती."

"मग रद्दीतून गेली नाही. जा. आणि शेंगा पाठव थोड्या."

मग गोपाळ. त्याचा आवाज चिरकला होता. "काका, मला तिकडे जायचंय हे खरं. पण मी वही चोरून काय करू? मंगळवारी ती आपोआपच जाणार होती!"

"तेच म्हणतो," काका म्हणाले. "वही गेल्यानं तुझंच नुकसान. तू बस. मला तुझं पार्सलांचं रजिस्टर दाखव."

दाक्षायणी शनिवारी दुपारी उगवली. तिची आई अक्कलकोटला आजारी, म्हणून गुरुवारी तीनलाच रजा घेऊन गेली होती. तिला जिन्यातच सगळं कळलं आणि वर जाऊन ती रडलीच. "अव्वा! माझ्या हातानं टोचलंय त्या लेकराला. पण नंबर नाही हो लक्षात. मला दारं लक्षात आहेत, नंबर गोदा लिहिते."

शेवटी मला हाक आली.

काकांनी मला फार काही विचारलं नाही. मी आकडे कसे लिहिते, दाक्षायणीची कच्ची चिठ्ठी पाहून की कसे, एवढंच. चिठ्ठी पाहून, मी म्हटलं. चिठ्ठ्या नंतर फाडतो, तसा नियम आहे. ते माझ्या हाताकडे पाहत होते. मग म्हणाले, "हुशार मुलगी आहेस तू. बाई सांगतात, तुला बाराखडीसारखे पाढे येतात."

मी खाली आले. मागोमाग काका जिन्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "यशोदाबाई, वही राहू दे. मी मूल शोधतो. वहीशिवाय."

४

त्यांची युक्ती अगदी पोस्टातली होती.

"आकडा म्हणजे पोस्टमनचा फेरा," ते म्हणाले. "पोस्टमन जसा चालतो तशी पत्रं लागतात. दाक्षायणी जशी चालली तसा आकडा चढला." गोपाळच्या रजिस्टरात प्रत्येक पाकिटात वीस टिपकागद. एकविसावं पाकीट, चारशे एक ते चारशे वीस, बारा डिसेंबरला रवाना. दाक्षायणीच्या डायरीत दहा आणि अकरा डिसेंबर: भद्रावती पेठेतला मागचा बोळ. त्या दोन दिवसांत दुसरं काही नाही.

"म्हणजे एका बोळातली वीस मुलं," काका म्हणाले. "आणि त्या बोळात तू ज्या टोकानं शिरलीस तिथून सतरावं."

रविवारी सकाळी काका, बाई आणि दाक्षायणी निघाले. मी गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. त्या दिवशीचं पुढचं सगळं मला दाक्षायणीनं सांगितलेलं आहे.

सुटी असली तरी त्या बोळात माग चालूच होते. खटखट इतकी की माणूस माणसाच्या कानाशी बोलतो. दाक्षायणी दारं ओळखत गेली. पहिलं हे, दुसरं हे, इथं जुळी, इथं आजीनं शिव्या दिल्या होत्या. काका हातातल्या दोऱ्याला एकेक गाठ मारत होते. सोळाव्या गाठीनंतर दाक्षायणी एका दाराशी थांबली.

दार पार्वतम्माचं. धडधाकट बाई, मांडीवर नऊ महिन्यांचा मुलगा, तो गुटगुटीत आणि दाराआडचा पितळी तांब्या ओढायच्या खटपटीत.

बाईंनी त्याला उचललं, डोळे पाहिले, पोट पाहिलं. तो बाईंच्या चष्म्याला झोंबला. "हा नव्हे," बाई म्हणाल्या. "ह्याला काहीही झालेलं नाही."

"आणि ह्याला मी डिसेंबरात टोचलंच नाही," दाक्षायणी गोंधळून म्हणाली. "ह्याला एप्रिलमध्येच टोचलंय, जन्मला तेव्हा. हा दीडशे-दोनशेतला कुणीतरी असेल."

पार्वतम्मा सगळ्यांकडे संशयानं पाहत होती. "तुमी लोक येडे हाय का? परवा एक बाई आली, बाळ बघू म्हणाली. बघून गेली. आज तुमी. माझं बाळाला दृष्ट लावता काय?"

काकांची मान वळली. "परवा म्हणजे?"

"सुक्रवारी. दुपारी. नवीन होती. दारातून म्हणाली, पार्वतम्मा तुमीच ना, बाळ दाखवा. चांगलं घरची दिसत होती. जाताना बाळाचं पाय धरून हसली, आणि ह्याचं अंगठ्याला शाई लावून गेली. निळी. रगडून काडली मी."

बाईंनी दाक्षायणीकडे पाहिलं. दाक्षायणी शुक्रवारी अक्कलकोटात होती.

काकांनी शाईबद्दल पुढं एक शब्द विचारला नाही. ते बोळाच्या टोकापर्यंत गाठी मारत गेले, परत आले आणि म्हणाले, "वीस टिपकागद गेले. मुलं एकोणीस आहेत."

५

"दाक्षायणी," काका म्हणाले, "ह्या उंबऱ्यावर त्या दिवशी तू कुणाला टोचलंस?"

दाक्षायणीनं आधी शेजारच्या दाराकडे पाहिलं. मग पार्वतम्माकडे पाहून हळूच म्हणाली, "सांगू का?"

पार्वतम्मानं कपाळाला हात लावला.

शेजारचं दार नरसम्माचं. तिची तीन मुलं गेली होती, एकही चाळीस दिवसांपुढं टिकलं नव्हतं. चौथ्या खेपेला मुलगी झाली तेव्हा, ती जगावी म्हणून जे करतात ते तिनं केलं. पोरीला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि पाठ फिरवली. पार्वतम्माची मुलं टिकणारी, म्हणून ती मागून गेली, मूठभर कोंडा देऊन सूप विकत घेतलं आणि पोर आपल्या घरी आणली. संध्याकाळी नरसम्मा आली आणि म्हणाली, तुझ्या पोरीला दूध पाजू का? त्या दिवसापासून ती पोर पार्वतम्माची. नाव पेंटम्मा, उकिरड्यावरची. दूध नरसम्माचं, झोपायला नरसम्माजवळ, पण कुणी विचारलं तर माझी नव्हे, तिची. खरं बोललं की पोर जाते.

"मला माहीत होतं," दाक्षायणी म्हणाली. "आमच्याकडेही करतात की. मी विचारलं, आई कोण? दोघींनी पार्वतम्माचं नाव सांगितलं. मी तेच चिठ्ठीत लिहिलं. त्या उंबऱ्यावर खोटं काय अन् खरं काय, काका? उलटून विचारलं असतं आणि पोरीला काही झालं असतं तर?"

बाई एव्हाना शेजारच्या दारापाशी पोचल्या होत्या. दाराला कुलूप होतं.

"काल गेले," पार्वतम्मा म्हणाली. "भिवंडीला. दादल्याला तितं माग मिळाला. संध्याकाळचं गाडीनं गेले."

"पत्ता?"

"भिवंडी," ती म्हणाली. आणि मग बाईंचा चेहरा पाहून ती एकदम उठली. "काय झालं बाई? पोर लई गुणाची हो. रडतसुद्धा न्हाय."

६

रविवारी चार वाजता वेणीकाका आमच्या घरी आले. आम्ही दत्त चौकाजवळ राहत होतो. माझे वडील पुराणिक, घरात पोथ्यांचं कपाट. वडील कीर्तनाला गेले होते. काकांनी पाणी घेतलं, देवाला नमस्कार केला आणि सहज म्हणावं तसं म्हणाले, "गोदे, एखादी पोथी दे ना वाचायला."

मी उभीच राहिले.

"लाल खारव्यातली," ते म्हणाले.

मी कपाट उघडलं. वरून चौथी. त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी सोडूनही पाहिली नाही.

"कधी कळलं?" मी विचारलं.

"शंका कालचीच. शुक्रवारी तार वाचली तेव्हा महिपतीनं विचारलं कोण ते मूल, गोपाळनं विचारलं, बाईंनी देवाला विचारलं. हे सगळं मला एकेकानं सांगितलं. तू काय विचारलंस, ते कुणाला आठवेना. जिला उत्तर ठाऊक असतं ती विचारत नाही." ते थांबले. "खात्री आज झाली. वही हरवलेली असताना त्या दारी पार्वतम्माचं नाव घेऊन कोण जाईल? दाक्षायणी गावात नाही, बाईंना ती ओळखते, आणि हे दोघे पुरुष. आणि तुझ्या मधल्या बोटावरची ती शाई. पार्वतम्मा ओळखेल म्हणून आज तुझं डोकं दुखलं."

मी खाली बसले. वहीसाठी मला वाईट वाटत नव्हतं, अजूनही वाटत नाही. त्या उंबऱ्यांवर मीही उभी होते. बाई वचन देत आणि बायका बाईंकडे नव्हे, माझ्या टाकाकडे पाहत. त्या नावांपैकी एकेक मी लिहिलेलं होतं. ती दुसऱ्याच्या तळघरात जाणार आणि आपल्याच मुलांची नावं आपण अर्ज करून मागायची, हे मला सोसेना. गुरुवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर कॅलेंडरमागची किल्ली घेतली. मंगळवारी साहेब येऊन रिकाम्या हातानं जातील, बुधवारी वही फळीवर दिसेल, असा माझा बेत. तार येईल हे मला काय ठाऊक?

"तार आल्यावर तरी?" काकांनी विचारलं. रागानं नाही.

"चारशे सतरा मला पाठ होता काका. सगळेच पाठ आहेत. पार्वतम्मा. म्हणून तर दुपारी पळत गेले. म्हटलं, खरंच आजारी असेल तर येऊन सगळं कबूल करायचं, नोकरी गेली तर गेली. पण ते बाळ हसत होतं. माझी बांगडी ओढत होतं. मला वाटलं, यंत्र चुकलं. तिकडच्या यंत्राला इथलं काय कळतं, असं मला वाटलं. आणि बरंच वाटलं. मग कशाला बोलायचं, चार दिवसांचा तर प्रश्न."

काकांनी टोपी सारखी केली. मला वाटलं ते उठतील. पण माझं संपलं नव्हतं.

"शेजारच्या दारात एक बाई बोचकं बांधत होती," मी म्हणाले. "तिच्याजवळ गोधडीवर एक तान्ही मुलगी. मी मागाच्या खटखटीनं दचकले, ती पापणीही हलवत नव्हती. मी त्या बाईला म्हटलं, किती शहाणं हो बाळ तुमचं. ती घाबरून म्हणाली, माझं नव्हे, तिचं. आणि पार्वतम्माकडे बोट केलं. मी हसले. मला वाटलं, सांभाळायला घेतलं असेल."

त्याच शुक्रवारी सकाळी बाईंनी सांगितलं होतं, असं मूल रडत नाही, शहाणं वाटतं. मी ते ऐकलं होतं. चारच तासांपूर्वी ऐकलं होतं.

काकांनी वही उचलली. दारात थांबून म्हणाले, "मी सांगेन, कपाटामागे पडली होती. तुझं नाव या वहीत नको."

"काका, आज गाडी धरली तर भिवंडीत सापडतील?"

"शनिवारी स्टेशनवर सापडले असते," ते म्हणाले.

७

मंगळवारी प्रोफेसरसाहेब आले. उंच, भला माणूस होता. सगळी हकीकत ऐकून त्याचे डोळे भरले, हे मी पाहिलं. मग तो बाईंना म्हणाला, आता तरी पटलं ना, नाव एकीकडे आणि आकडा एकीकडे असला की काय होतं? आणि वही तुमच्याकडे तीन दिवस सापडत नाही. दोन्ही एका जागी हवं, सुरक्षित जागी.

बाईंनी वही त्याच्यापुढं ठेवली. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते द्यायला तोंड नव्हतं. वही जाऊ नये म्हणून मी लपवली आणि लपवली म्हणूनच ती गेली. महिपतीनं पार्सलाला सुतळी बांधली, गोपाळनं लाख लावली. बाईंनी त्या आठवड्यात एकेका उंबऱ्यावर जाऊन स्वतः सांगितलं की नाव बाहेर गेलं, मला विचारा. बहुतेकींनी काही विचारलं नाही, नुसतं दार लावून घेतलं. दीड वर्षानं केंद्र बंद पडलं.

वेणीकाकांनी मात्र पेंटम्माला सोडलं नाही. भिवंडीतल्या मागवाल्यांना, दुकानांना, भजनी मंडळांना ते पोस्टकार्ड लिहीत. दर रविवारी पाच. मी पत्ते घालत असे. चौदाव्या महिन्यात एक उलट कार्ड आलं, तेलुगू वळणाच्या मराठीत: सोलापूरची नरसम्मा आमच्या मागच्या खोलीत आहे, तिची मुलगी अजून बसत नाही.

त्याच रात्री बाई गोळ्या घेऊन गाडीत बसल्या.

गोळ्यांनी ती बसली, चालली, बोललीही. जेवढं व्हायचं तेवढं झालं. बाकीचं त्या चौदा महिन्यांत राहून गेलं.

पुढं, नव्वदच्या सुमारास, एका डॉक्टर मुलाला त्या वस्तीतल्या मुलांचं पुढं काय झालं ते अभ्यासायचं होतं. मी त्याला तिकडे पत्र लिहायला सांगितलं. उत्तर आलं, नम्र आणि छापील: पाहणीत भाग घेणाऱ्यांची नावं बाहेरच्या व्यक्तींना देता येत नाहीत. बाहेरच्या व्यक्ती म्हणजे आम्ही. तो मुलगा निराश होऊन माझ्याकडे आला, तेव्हा मी शंभर पानी वही घेतली आणि एकपासून लिहायला बसले. सहाशे बारा नावं. चार दिवस लागले. एकही अडलं नाही. चारशे सतरापुढं मात्र मी दोन नावं लिहिली, आणि मधे किती वेळ टाक धरून बसले ते आठवत नाही.

पेंटम्मा आता पन्नाशीची आहे. नरसम्मा गेली, दादला गेला, आणि पार्वतम्माचा तो गुटगुटीत मुलगा तिला भिवंडीहून घेऊन आला. म्हणाला, माझ्या आईनं विकत घेतलेली आहे, माझी बहीणच की. त्याच्या घरी ती मागासाठी सुताच्या कांड्या भरते. गड्डा लागला की मी दरवर्षी तिच्याकडे शेंगा घेऊन जाते. ती शेंगा फोडते, दाणे माझ्यापुढं ठेवते आणि गोड हसून विचारते, "तुमी कोन?"

मी सांगते, "गोदावरी."

"परत परत विचारते म्हणून रागावू नका," ती म्हणते. "माझं लक्षात राहत न्हाय."

मी म्हणते, राहू दे. पुढच्या वर्षी परत सांगेन.